वाणसामानाची यादी आणि आपली तत्त्वं : कुणाला खरंच जमलंय का?

उंबरठा | रविवार, रात्री ९.४०

मार्चच्या शेवटी तासगाव तालुक्यात मावसभावाकडे गेले होते. बेदाण्याचा सीझन संपत आलेला. शेडच्या एका टोकाला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी घट्ट बांधून खोलीसारखं केलेलं. मी सहज तिकडे वळले, तर वहिनी मागून ओरडली, "तिकडं नको ताई, गंधक लावलाय!" तोवर उशीर झाला होता. आगपेटीतल्या शंभर काड्या एकदम नाकाखाली ओढल्यासारखा वास. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि घशात संध्याकाळपर्यंत खवखव. शेजारी निवडणी करायला बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून निवांत गप्पा मारत होत्या. त्यांना सवय.

निघताना वहिनीने दोन पिशव्या हातात दिल्या. एकीत पिवळाधमक, टपोरा बेदाणा. दुसरीत तपकिरी, सुरकुतलेला. म्हणाली, "पिवळा आल्यागेल्याला द्या. हा पोरांना ठेवा. आम्ही घरात हाच खातो."

एसटीत बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. गेली वीस वर्षं दुकानात उभं राहून "जरा पिवळा दाखवा हो" असं मीच म्हणत आलेय. तो गंधक कुणासाठी लावला होता? माझ्यासाठीच की.

मग त्या महिन्याची वाणसामानाची यादी घेऊन बसले. म्हटलं, एकेका नावापुढे विचारून बघू : हे कुणी केलं, कसं केलं, आणि मला ते पटतं का. आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. मी, नवरा, सासूबाई, सातवीतली मुलगी. यादी साधारण चाळीस नावांची. पाचव्या नावाला थकले.

गुळापासून सुरुवात केली. "सेंद्रिय, रसायनमुक्त" असं लिहिलेला, कागदी पिशवीतला गूळ एका दुकानातून आणला. साधा ६० ला, हा १२० ला. दोन महिने मोठ्या समाधानाने खाल्ला. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा दुकानातला मुलगा मागच्या बाजूला बसून बाजारच्या साध्या खोक्यातला गूळ कापून त्याच कागदी पिशव्यांत भरत होता. माझ्याकडे बघून हसला पण. दुकानाचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

साखरेपाशी तर गाडी रुतलीच. सांगलीत राहून साखरेवर काय बोलायचं! चपलांचा विचार केला तर मुलगी म्हणते कातडं नको, आणि रेक्झिनची चप्पल आठ महिन्यांत कचऱ्यात. ॲपवरून मागवणं बंद करून पेठेतल्या दुकानात परत गेले, तर नवरा म्हणतो, "त्याच्या पोऱ्याला तो काय पगार देतो विचारलंस का?" नाही विचारलं.

तर प्रश्न असा. इथं कुणी आपल्या रोजच्या खरेदीचा आणि आपल्याला जे योग्य वाटतं त्याचा मेळ घातलाय का? पूर्ण नको, थोडा चालेल. उपदेश नको, अनुभव हवेत. आणि कृपा करून "सगळं सोडून डोंगरात जाऊन राहा" असं कुणी लिहू नका, ते सासूबाईंनी आधीच सुचवलंय.

---

आयर्विनवरून | रविवार, रात्री १०.०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाकी ताई, ज्या मोबाईलवरून धागा काढलात त्यातला कोबाल्ट कुठल्या खाणीतून आला ते पण यादीत घ्या. सगळंच बघायचं तर सगळंच बघा.

---

उंबरठा | रविवार, रात्री १०.१२

@आयर्विनवरून, मोबाईल सहा वर्षांतून एकदा घेते, गूळ दर महिन्याला. आधी गूळ.

---

जुनी_पेठ | सोमवार, सकाळी ६.५०

यात नवं काही नाही. माझ्या आजोबांच्या घरी ओगलेवाडीचाच प्रभाकर कंदील असायचा. विलायती कंदील स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही, असा दंडक. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, त्याची धग आपल्या सातारा-सांगलीकडे पुढची चाळीस वर्षं टिकून होती. आजी मात्र म्हणायची, "स्वदेशी काच तडकते लवकर." आजोबा नवी काच आणायचे, आजी पैसे मोजायची. तत्त्व आजोबांचं, खर्च आजीच्या डब्यातला. एवढं ध्यानात असू द्या.

---

रॅकवरचा_बेदाणा | सोमवार, दुपारी १.३०

ताई, धागा वाचला. आमची पण शेड हाय. तुमच्या पाव्हण्याची न्हवं, पण तसलीच. म्हणून चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर आसतो. त्यो फुटल्याशिवाय आतलं पाणी लवकर भाईर पडत न्हाई. म्हणून १०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घालून त्यात घड बुडवायचे आणि रॅकच्या जाळीवर सावलीत टाकायचे. पंधरा दिसांच्या आसपास वाळतोय. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा हुतो, कधी थोडा कमी. ह्या पद्धतीनं हिरवा माल निघतो. पिवळा पाहिजे आसंल तर गंधकाची धुरी. ती तुम्ही बघितली.

आता तुमची चूक कुठं हुतीय ते सांगतो. तुम्हाला वाटतंय तपकिरी, काळपट म्हणजे चांगला. तसं न्हाई. तुमच्या वहिनीनं दिलेला तपकिरी येगळा, त्यो तिनं घरासाठी मुद्दाम ठेवलेला. पण मार्चमध्ये अवकाळी आला, रॅकवरच्या कागदातनं पाणी आत घुसलं, की आख्खा माल काळा पडतोय. त्यो पण बाजारात काळा म्हणूनच येतोय. दुकानात जाऊन "काळा द्या, गंधक नको" म्हणला तर दुकानदार तुम्हाला भिजका माल देईल आणि वर शाबासकी घेईल. रंगावरनं पिवळा घेत हुता, आता रंगावरनं काळा घेणार. डोळ्यानंच घेताय की दोनी टायमाला.

दुसरं. पिवळ्याला आणि काळ्याला किलोमागं पन्नास-साठ रुपयाचा फरक पडतोय, कधी जास्त. सौद्यात यापारी मूठ भरून घेतो, उजेडाला धरतो, टाकतो. चव कोण बघत न्हाई. बागंला औषध, मजूर, शेडचं भाडं, कोल्ड स्टोरेज, सगळं त्या मुठीवर. मी गंधक हौसंनं लावत न्हाई. माझाच खोकला आठ आठ दिस जात न्हाई.

---

पेव | सोमवार, दुपारी ४.१५

वरचा प्रतिसाद फार मोलाचा. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, म्हणून थोडी भर.

गंधक जाळल्यावर सल्फर डायऑक्साइड तयार होतो. सुक्या फळांत परिरक्षक म्हणून तो ठरावीक मर्यादेत कायद्याने चालतो, त्यामुळे पिवळा बेदाणा म्हणजे विष असं समजू नये. मात्र दमा असणाऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. आणि खाणाऱ्यापेक्षा धुरी लावणाऱ्याच्या फुफ्फुसात तो जास्त जातो हे उघड आहे. पाकिटावर घटकांची यादी असते, ती वाचावी. सुटा घेतलात तर वाचायला काहीच नाही.

हळदीचं म्हणाल तर मी गेली पंधरा वर्षं हळकुंडं आणून डंकावर कांडून घेतो. तयार पुडीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा त्याहून वाईट म्हणजे लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात. घरच्या घरी बघायचं तर पेल्यात पाणी घेऊन चमचाभर हळद टाका, ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर शंका घ्या.

"सांगलीची हळद" हे भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं. त्याने कळतं काय? माल कुठला एवढंच. फवारणी काय केली, शिजवणाऱ्या बाईला हजेरी किती दिली, यातलं काही त्यात येत नाही. शिवाय आपल्या मार्केट यार्डात कर्नाटकातून आणि तेलंगणातूनही हळद उतरते. सांगलीत विकली म्हणजे सांगलीत पिकली असं नव्हे.

अवांतर : टोपणनावाबद्दल कुणीतरी विचारणारच. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, आमच्या घरची दोन. तोंड बंद केलं की आत हवा नाही, त्यामुळे किडा नाही, हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक कारभारच संपला.

---

हिरवा_ठिपका | सोमवार, सायंकाळी ६.२०

ताईंच्या मुलीशी शंभर टक्के सहमत. मी तीन वर्षं चामडं, रेशीम, दूध सगळं सोडलंय. चप्पल कापडी किंवा रबरी. जमतं. सुरुवातीला घरचे हसतात, मग सवय होते.

---

आरी_आणि_रापी | सोमवार, रात्री ८.४५

@हिरवा_ठिपका, तुमच्या श्रद्धेचा मान ठेवून बोलतो.

आमच्या घरात चार पिढ्या कोल्हापुरी चप्पल होते. नाव कोल्हापुरी असलं तरी २०१९ चं मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात सांगली आणि सातारा दोन्ही येतात. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. खिळा नाही, शिवण कातड्याच्याच वादीनं. तळ झिजला की नवा लावून देतो. आमच्याकडं एक मास्तर बावीस वर्षं तीच जोडी घालतात, म्हणजे वरचा पट्टा तोच, तळ किती बदलले ते आम्हालाच ठाऊक.

तुमची रबरी चप्पल कुठल्या कारखान्यात, कुठल्या गोंदानं चिकटवली, त्या गोंदाच्या वासात कोण बसलं होतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. मला माझ्या चपलेचं ठाऊक आहे. तुम्हाला जनावराचा जीव मोठा वाटतो, वाटू दे, मी चुकीचं म्हणत नाही. पण दीड महिना कमावलेल्या कातड्याची जोडी हातात घेऊन गिऱ्हाईक "ऑनलाइन चारशेला आहे" म्हणतं, तेव्हा तिथं अहिंसा वगैरे काही नसतं. नुसता चारशेचा आकडा असतो.

---

हिरवा_ठिपका | सोमवार, रात्री ९.१०

गोंदाचा विचार केला नव्हता, मान्य. पण चामडं नाहीच घालणार. तुमच्याकडे कापडी किंवा तागाचा पट्टा असलेली करता का?

---

आरी_आणि_रापी | सोमवार, रात्री ९.३०

तळ कशाचा लावू? लाकडाचा? मग ती खडाऊ झाली :) विचार करतो.

---

रेशनकार्ड | सोमवार, रात्री ११.०५

सगळं वाचलं. छान चाललंय. आमच्या घरात माणशी ५ किलो धान्य रेशनवर येतं. तांदूळ कुठला, कुणी पिकवला, विचारायची सोय नाही. येईल तो शिजवायचा. तेलाची पिशवी आठवड्याला अर्ध्या लिटरची, कारण पाच लिटरचा डबा एकदम घ्यायला एकदम पैसे लागतात. डबा स्वस्त पडतो, हे मलाही कळतं. माझ्या यादीत तत्त्व कुठल्या ओळीत लिहू ते सांगा.

---

उंबरठा | सोमवार, रात्री ११.२०

@रेशनकार्ड, याला माझ्याकडे उत्तर नाही. धागा काढताना आपल्याकडे निवडायला दोन पिशव्या आहेत हेच मी गृहीत धरलं होतं.

---

रेशनकार्ड | सोमवार, रात्री ११.२६

उत्तर नको ताई. फक्त बाजारात भाव पाडून मागू नका एवढंच. माझी आई भाजी विकायला बसते.

---

फडावरचा | मंगळवार, पहाटे ५.४०

साखरेबद्दल लिहितो. मूळ बीड जिल्ह्यातला, आता सांगलीत नोकरी. आईवडील सतरा हंगाम ऊसतोडीला आले, त्यातले नऊ इकडेच, वाळवा तालुक्यात. माझी शाळा दिवाळीनंतर बंद आणि उन्हाळ्यात सुरू.

नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा असेल तर अर्धा कोयता. माणसाचं नावच कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग तोडून फेडायची. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचे पैसे कापतात. आईला पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन गाडीत टाकायला लागायची. बीडकडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, सरकारने समिती नेमली, तुम्ही वाचलं असेल. आमच्या वस्तीत ते बातमी यायच्या कितीतरी आधीपासून सगळ्यांना माहीत होतं.

आता लोक म्हणतात साखर सोडा, गूळ खा. गुऱ्हाळाचा ऊस काय आपणहून चालत येतो का? तोही कोणीतरी तोडतोच. आणि साखर सोडलीत तर आईवडिलांचा कोयता कुठे चालणार? गावी जमीन दीड एकर, पाऊस बेभरवशाचा.

एक गोष्ट सांगतो, ती खरेदीची नाही, तरी सांगतो. वाळव्याला आमच्या कोप्या, म्हणजे राहायच्या तात्पुरत्या झोपड्या, ज्या रानात पडायच्या, त्याच्या शेजारच्या घरातली एक आजी रोज संध्याकाळी नळाची पाइप कुंपणावरून बाहेर सोडायची. बाकीचे ओढ्यावर जायचे. आईला ती आजी अजून आठवते. कारखाना कुठला, चेअरमन कोण, ते आठवत नाही.

---

वाऱ्यावरची_जात | मंगळवार, सकाळी ९.००

(जत तालुका, म्हणून नाव. दुसरा अर्थ काढू नका.)

@फडावरचा, वाचून गप्प झालो.

आमच्या पूर्व भागाचं एवढंच म्हणणं की कृष्णाकाठच्या लोकांनी ज्वारी-बाजरी आमच्याकडची घ्यावी. उसाला पाणी किती लागतं आणि आमच्याकडे टँकर कधी सुरू होतो हे एकाच जिल्ह्यात बसून दोन्ही दिसतं. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं तिथं आता आम्हीसुद्धा ऊसच लावतोय, ही वेगळी गंमत.

---

गणपतीपेठेतला | मंगळवार, दुपारी ३.१०

दुकानदार बोलतोय. दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून टंकतो. पेठेत वडिलांपासूनचं किराणा दुकान.

गुळाचं आधी. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावरची मळी काढायला पूर्वी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे, अजूनही काही जण घालतात. रंग उजळ यावा म्हणून हायड्रोस नावाचं रसायन घालतात. का? कारण माझ्या काउंटरवर दोन ढेपा ठेवल्या, एक काळसर आणि एक सोनेरी, की दहातले नऊजण सोनेरीकडे बोट करतात. काळसर गूळ पावसाळ्यात पाझरतो, पिशवीला चिकटतो, मग परत आणून देतात. "खराब दिला" म्हणतात. त्याच बाई व्हॉट्सॲपवर केमिकलचे मेसेज पाठवतात. वर बेदाणावाल्या दादांनी लिहिलं ते मी रोज बघतो.

"सेंद्रिय" पाटीचं. सरकारी खूण बघा. पाकिटावर सरकारमान्य सेंद्रिय लोगो असतो. पीजीएस असेल तर शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो, आणि त्यात "ग्रीन" लिहिलेलं असेल तर शेत अजून सेंद्रिय व्हायच्या वाटेवर आहे, झालेलं नाही. लहान शेतकरी थेट तुम्हाला विकत असेल तर त्याला दाखल्यातून सूट आहे, तिथं माणूस ओळखायचा. पण दुकानात कागदी पिशवीवर नुसतं रबरी शिक्क्यानं "सेंद्रिय" छापलेलं असेल तर ती पिशवी मलाही पेठेत शेकड्यानं मिळते.

आता पोऱ्याच्या पगाराचं. माझ्याकडे दोघं आहेत, दोघंही अठराच्या वरचे. एकाला अकरा हजार, दुसरा नवा, त्याला नऊ. दुपारचं जेवण घरून येतं. कमी आहे, मला कळतं. वाढवायचे कशातून ते पण ऐका. माझी जुनी गिऱ्हाईकं तेल, साबण, डिटर्जंट, चहा सगळं मॉलमधून ऑफरला आणतात. माझ्याकडे येतात मोहरी, जिरं, हिंग, पूजेचा कापूर आणि घरात पाहुणे आले की पाव किलो रवा. वर "आम्ही लोकल दुकानालाच सपोर्ट करतो." ताई, मोहरी-जिऱ्यावर दुकान चालत नाही.

२०१९ च्या पुरात तळघरातली सगळी पोती गेली. पाणी उतरल्यावर आठ दिवसांत दुकान उघडलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना खात्यावर माल दिला, कारण कुणाकडेच रोकड नव्हती. त्यातले काहीजण पुढच्या दिवाळीला ॲपवर गेले. चालायचंच. खाती मात्र सगळ्यांनी भागवली, तेवढं खरं.

---

आयर्विनवरून | मंगळवार, दुपारी ३.४०

पॉपकॉर्न बाजूला ठेवला. मोहरी, जिरं, हिंग : मी आहे हा.

---

उंबरठा | मंगळवार, रात्री १०.००

मी पण. आज वह्या काढून बघितल्या. मागच्या वर्षभरात पेठेतल्या दुकानात दर महिन्याला सरासरी सातशे रुपये आणि मॉलमध्ये साडेतीन हजार. मनात मात्र मी स्वतःला "पेठेतलं गिऱ्हाईक" समजत होते.

चाळीस नावांवर तत्त्व लावायचा नाद सोडला. एवढं केलंय : तेल, डाळी, चहा पेठेतून. साबण-डिटर्जंटचं नवऱ्याशी भांडण सुरू आहे, तो ऑफर सोडायला तयार नाही. हळदीची कुंडं आणून कांडून घेणार, पेव काकांनी सांगितलं तसं. मुलीची चप्पल तिच्या मनाची, माझी माझ्या मनाची. साखरेबाबत काहीही ठरवलेलं नाही आणि ठरवल्याचं सोंगही करणार नाही. आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर दरवर्षी डिसेंबरात कोप्या पडतात. आमचा नळ कुंपणापासून चार फुटांवर आहे. इतकी वर्षं मी तिकडची खिडकी लावून घ्यायचे.

बेदाण्याचा प्रश्न उरलाच. @रॅकवरचा_बेदाणा, दादा, रंगावरून घ्यायचा नाही तर कशावरून घ्यायचा?

---

रॅकवरचा_बेदाणा | बुधवार, सकाळी ७.१५

माणसावरनं.

खरं सांगू का, बिनगंधकाचा करायला मला कायच अडचण न्हाई, उलट एक काम कमी. अडचण एकच, त्यो कोण घेणार हे मला आधी कळत न्हाई. मार्चमध्ये माल रॅकवर आल्यावर चौकशी करून उपेग न्हाई. डिसेंबरात सांगा, अर्धे पैसे द्या, मी तेवढा घड बाजूला बुडवतो आणि धुरी न लावता वाळवून ठेवतो. अवकाळी आला आणि भिजला तर अर्धं नुकसान तुमचं, अर्धं माझं. ते कबूल आसंल तर बोला. नुसतं "आम्ही शेतकऱ्याच्या पाठीशी" आसलं तर नको.

---

पेव | बुधवार, सकाळी ७.५०

भिजल्यास अर्धं नुकसान ही अट योग्य आहे. माझे ३ किलो लिहा.

---

उंबरठा | बुधवार, सकाळी ८.०५

माझे ५. अट कबूल. सासूबाई म्हणतात सत्यनारायणाच्या शिऱ्यात पिवळ्याशिवाय दुसरा बेदाणा बरा दिसत नाही, पण त्यांची समजूत घालायला अजून आठ महिने आहेत.

---

हिरवा_ठिपका | बुधवार, सकाळी ९.३०

४ किलो. पैसे कसे पाठवायचे तेही सांगा.

---

आरी_आणि_रापी | बुधवार, दुपारी १२.००

२. आणि @हिरवा_ठिपका, जुन्या टायरचा तळ आणि जाड सुती पट्टा, असा एक जोड करून बघतो. पायाचं माप पाठवा. चारशेत होणार नाही, आधीच सांगतो.

---

जुनी_पेठ | बुधवार, दुपारी १२.४०

२ किलो. पैसे हिच्या डब्यातून न घेता माझ्या पेन्शनमधून.

---

वाऱ्यावरची_जात | बुधवार, दुपारी २.१०

३. बदल्यात बाजरी घेणार का दादा?

---

आयर्विनवरून | बुधवार, दुपारी २.१५

४. मोबाईलचं नंतर बघू.

---

रॅकवरचा_बेदाणा | बुधवार, रात्री ९.००

२३ किलो झालं. २३ किलोत रॅकचा एक कप्पा पण भरत न्हाई ताई. तरी वहीत लिहून ठेवलंय. बाजरी चालंल.

---

गणपतीपेठेतला | बुधवार, रात्री ९.२५

माझा एक खोका लिहा, १५ किलो. काउंटरवर पिवळ्याच्या शेजारी ठेवतो आणि विचारणाऱ्याला सांगतो कुणाचा, कसा. पण गिऱ्हाइकानं बोट पिवळ्याकडेच केलं आणि हा पाडव्यापर्यंत पडून राहिला, तर उंबरठा ताई, खोका उचलून विश्रामबागेत तुमच्या उंबरठ्यावर आणून टाकीन. पत्ता तेवढा आत्ताच कळवून ठेवा.